‘बघू’ची किंमत

६ जानेवारी, सोमवार

ही दैनंदिनी लेकीने आणून दिली. तिच्या ऑफिसात फुकट मिळते. म्हणाली, "बाबा, दिवसभरात जेवढ्या काळज्या येतील तेवढ्या ह्यात लिहायच्या. आईला सांगायच्या नाहीत." मी विचारलं, पानं पुरतील का? ती हसली. मी थट्टा करत नव्हतो.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढे सगळी नोकरी बुटांच्या कारखान्यात तळ चिकटवण्यात गेली. त्यामुळे लिहिण्याची सवय नाही, पण लेकीचा शब्द मोडवत नाही.

आजची काळजी हिची. ही म्हणजे माझी बायको. तिचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, ते आता वहीत कशाला घेऊ. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यातून निवृत्त झाली आणि तिची सगळी रक्कम एकदम बँकेत आली. मला वाटलं होतं, पैसे तिथे पडून राहतील आणि आपण इथे पडून राहू. आज भांडी पुसता पुसता ती म्हणाली, एक लहानशी जागा विकत घ्यायची आणि भाड्याने द्यायची.

मी म्हणालो, बघू.

ती पुढचं भांडं पुसायला लागली.

९ जानेवारी

मधले दिवस लिहिलं नाही. लिहिलं की काळजी कमी होते असं लेक म्हणते. माझी अक्षरात उतरली की जास्तच खरी वाटते.

जन्मभर आम्ही भाड्याने राहिलो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. ह्या घरात मात्र पुष्कळ वर्षं टिकलो. मालक खालच्या मजल्यावर राहतात, त्यांना आम्ही ‘खालचे’ म्हणतो. माणूस वाईट नाही, भाडंही फारसं वाढवत नाहीत. फक्त भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, घर तुमचं, भिंत माझी. हिने एकदा बुटाच्या टाचेने हळूच एक खिळा ठोकून पाहिला, तर पहिल्याच ठोक्याला खालून छताला काठीचा ठोका आला. तेव्हापासून आमचा लग्नातला फोटो कपाटावर नुसता टेकवून ठेवलेला आहे. खिडकी जोरात आपटली की तो पडतो. काच बदलली, पुन्हा फुटली. आताचा तडा माझ्या कपाळावरून गेला आहे. हिला काही झालेलं नाही.

म्हणून आज नवी काळजी सुचली. जागा घेतली तर लोक आपल्याला घरमालक म्हणतील. आमच्या घरात हा शब्द कुणाचं कौतुक करायला कधी वापरलेला नाही.

१२ जानेवारी, रविवार

ही मला एका व्याख्यानाला घेऊन गेली. ‘पहिली मालमत्ता कशी घ्यावी’. प्रवेश फुकट होता, म्हणून मी दारातच खिसा चाचपून घेतला. कोट घातलेला एक माणूस तासभर ओरडत होता. तुमचा पैसा झोपला आहे, त्याला उठवा, म्हणत होता. मला वाटलं, झोपलेल्याला का उठवावं? शेवटी त्याने त्याच्या पुढच्या वर्गाची फी सांगितली. पुढच्या रांगेतली माणसं उठून नाव नोंदवायला धावली. मीही अर्धा उठलो होतो, घाबरून.

हिने चहा संपवला, कप जागेवर नेऊन ठेवला आणि मला बाहेर आणलं. जिन्यात म्हणाली, "घरं घेऊन एवढं सुख मिळत असतं, तर हा माणूस रविवारी घसा कशाला फोडत बसला असता? ह्याचा धंदा घरांचा नाही हो, वर्गांचा आहे."

मला हे सुचलं नसतं. मी फी भरून आलो असतो आणि नंतर लिहीत बसलो असतो.

१५ जानेवारी

जावई आले होते. बँकेत असतात, त्यामुळे त्यांच्यासमोर मी जरा सरळ बसतो. ते म्हणाले, सासूबाई, जागा घेणारच असाल तर स्वतःच राहा की तिथे. मलाही ते पटलं.

ही म्हणाली, "इथलं भाडं जुनं आहे, कमी आहे. तिथे नवं मिळेल, जास्त. जिथे कमी द्यायचं तिथे आपण राहायचं, जिथे जास्त मिळतं तिथे दुसऱ्याला ठेवायचं. मधला फरक आपला."

जावई म्हणाले, बरोबर आहे. इतकी वर्षं मी ह्या बाईच्या समोर बसून जेवतो आहे. तिच्या डोक्यात हे कुठे होतं?

मला फरक कळला नाही, असं नाही. पण ते भाडं आलंच नाही तर? जागा रिकामी राहिली तर? छत गळलं तर? हे सगळं मी तिला विचारलं नाही, इथे लिहिलं. लेकीला सांगायला हवं.

१९ जानेवारी, रविवार

पहिली जागा पाहिली. दलाल तरुण आहे. सतत मोबाइलशी बोलतो, त्यामुळे तो आपल्याशी बोलतोय की मोबाइलशी, हे कळायला वेळ लागतो. त्याने सांगितलेली किंमत ऐकून मला वाटलं, एवढी स्वस्त, घेऊन टाकावी, म्हणजे एकदाची काळजी मिटेल.

ही जागेत शिरण्याआधी रस्त्यातच उभी राहिली आणि मान वर करून गॅलऱ्यांतल्या दोऱ्या बघत राहिली. जन्मभर दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या, ती सवय. मला म्हणाली, सगळ्या दोऱ्या रिकाम्या आहेत. रविवारी सकाळी दोऱ्या रिकाम्या म्हणजे एक तर पाणी नाही, नाही तर माणसं नाहीत. मग ती जिन्यात एका बाईशी बोलली. पाणी एक दिवसाआड येतं म्हणे.

दलालाने मोबाइल खिशात ठेवला. पहिल्यांदाच.

वर जाऊन मी आपला भिंती दाबत फिरलो. माझी ही जुनी खोड आहे. कारखान्यात तळ चिकटला की नाही ते अंगठ्याने दाबून पाहायचो, आता समोर काहीही आलं की अंगठा पुढे जातो. भिंतीतलं मला काही कळत नाही.

२६ जानेवारी, रविवार

आणखी दोन जागा पाहिल्या. एकीत अंधार, दुसरीच्या खाली बेकरी, पहाटेपासून यंत्राचा घरघराट. मी दोन्हीकडे बघू म्हणालो. हिने दोन्हीकडे थेट ‘नाही’ म्हणून सांगितलं. एवढं सरळ नाही म्हणायला छाती लागते. मला साधं दुकानात, ही चप्पल नको, हे सांगता येत नाही. म्हणून घरात न होणाऱ्या चपलांचे दोन जोड पडले आहेत.

२ फेब्रुवारी, रविवार

आज पाहिली ती जागा तिसऱ्या मजल्यावर आहे. एक खोली, स्वयंपाकघर, लहान गॅलरी. समोर बसचा थांबा. इमारतीच्या सगळ्या दोऱ्या कपड्यांनी भरलेल्या होत्या. ही खालूनच हसली.

विकणारे गृहस्थ म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर. बायको गेली. ते आता बहिणीकडे राहतात, पण रोज सकाळी खिडक्या उघडायला इथे येतात. सामान सगळं हलवलेलं. मोठ्या भिंतीवर नुसती खिळ्यांची भोकं. चित्रं काढून नेली, भोकं राहिली. भिंतीची पार चाळणी झालेली.

मी सवयीप्रमाणे प्रत्येक भोकाशेजारी अंगठा दाबून पाहिला. एवढ्या भोकांना पुट्टी किती लागेल ह्या विचाराने माझा दर वेळी सुस्कारा निघत होता. मास्तर ओशाळल्यासारखे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, साहेब, तुम्ही बांधकामातले का? मी म्हणालो, नाही, चिकटवण्यातला. त्यांना काय समजलं कोण जाणे, त्यांनी दलालाकडे पाहिलं.

ही मात्र त्या भिंतीपाशी बराच वेळ उभी होती. एका भोकावरून बोट फिरवत होती आणि हसत होती. भोकं मोजत असावी. किंमत पाडायला उपयोगी पडतात. केवढी ही हुशारी.

निघताना दलालाने विचारलं, काका, काय वाटतं? मी म्हणालो, बघू.

५ फेब्रुवारी

दलालाचा फोन आला. मास्तरांनी किंमत कमी केली आहे. हिने नुसतं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ह्यांना पुन्हा एकदा दाखवावी लागेल. ह्यांचं समाधान झालेलं नाही.

मी म्हणालो, अगं, तुझं झालंय ना? ती म्हणाली, तुम्ही चला फक्त.

हिला हे कसं जमतं, देव जाणे. एक शब्दही न बोलता हिला किंमत उतरवता येते.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसऱ्यांदा गेलो. हिने मला सांगितलं, तुम्ही काही बोलू नका, जसे आहात तसे राहा. ते मला सहज जमतं.

ह्या वेळी न्हाणीघराचा नळ उघडून पाहिला, बंद केला, थेंब पडतो का ते बघत उभा राहिलो. नळ उघडा राहण्याची मला फार भीती वाटते. दलाल दारात घाम पुसत होता. म्हणाला, काका, असा माणूस मी पाहिला नाही. मी म्हणालो, काय खरं नाही बाबा. मी आपलं एकूण आयुष्याबद्दल म्हणालो.

संध्याकाळी किंमत आणखी उतरली. आता ती हिच्या पैशात बसते आणि रंगकामापुरतं उरतं. ही गॅलरीत उभी राहून एकटीच गुणगुणत होती. बऱ्याच वर्षांनी ऐकलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज व्यवहार पक्का करायला गेलो होतो. सगळं हिने ठरवलं होतं. ही वरच्या मजल्यावरच्या बाईला टाकीचं विचारायला गेली. खोलीत मी आणि मास्तर दोघेच. मास्तर खिडकीपाशी उभे होते. वळून मला म्हणाले, मग, ठरलं का तुमचं?

हा प्रश्न मला कुणी एकट्याला विचारेल असं वाटलं नव्हतं. हिची एवढ्या वर्षांची चादरी पिळलेली कमाई, आणि मी एका शब्दात ती देऊन टाकायची. मी भिंतीवर अंगठा ठेवला आणि म्हणालो, बघू.

मास्तरांनी खिडक्या एकेक करून बंद केल्या.

ही खाली आली तेव्हा ते पायांत बूट घालत होते. बहिणीकडे जायला उशीर झाला म्हणाले. ही माझ्याकडे पाहत राहिली. मी नळ बंद आहे का ते पाहून आलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जागा गेली.

दलालाचा फोन आला. मास्तर म्हणतात, त्या गृहस्थांच्या मनात घ्यायचं नाही, मला उगीच अपमान करून घ्यायचा नाही. दुसरं एक जोडपं तयार आहे, उद्या संध्याकाळी त्यांच्याकडून इसार घेणार. इसाराची रक्कम हातात पडली की मग कुणाचं काही चालत नाही.

मला वाटलं ही बोलेल. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन ठेवला, कपाटावरचा फोटो उचलला, पदराने पुसला आणि परत टेकवून ठेवला. मग म्हणाली, "तुमचा ‘बघू’ मला कळतो हो. जगाला कसा कळणार?"

खरं आहे ते. लग्नाच्या वेळी हिचे वडील कारखान्याच्या फाटकाबाहेर येऊन मला भेटले होते. माझ्या मुलीशी लग्न करणार का, असं सरळ विचारलं. मी म्हणालो, बघू. ते संतापून घरी गेले. हिने त्यांना सांगितलं, तो हो म्हणाला आहे. ते म्हणाले, मी ह्या कानांनी ऐकलं, तो बघू म्हणाला. ही म्हणाली, तेच. हे मला मेव्हण्याने पुढे कधीतरी सांगितलं. हिला कसं कळलं, ते विचारायचं राहून गेलं.

आज ती जेवली, पण पानात वाढलेलं संपवायचं म्हणून. हिने कधी काही मागितलं नाही. एक जागा मागितली. मी काय करू, हे लिहायला ह्या वहीत ओळी आहेत, उत्तर कुठे छापलेलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी हिला सांगितलं, पाय मोकळे करून येतो. आणि थेट तिसरा मजला गाठला. मास्तर सकाळी खिडक्या उघडायला येतात हे माहीत होतं. दार उघडंच होतं.

मला पाहून म्हणाले, "आता काय दाबायचं राहिलं?"

मी म्हणालो, "हो म्हणायला आलो."

"कशाला हो?"

"परवाच्या बघूला."

मास्तर हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. म्हणाले, "जन्मभर नोकरी केली मी शाळेत. मुलांना रंग हवेत म्हटलं की मुख्याध्यापक म्हणायचे, बघू. कागद हवा, बघू. वर्गाला एक खिडकी हवी, बघू. बघू म्हणजे नाही. त्याचा अर्थ तुम्ही मला शिकवू नका."

मी दारातच उभा होतो. आत या असं ते म्हणाले नव्हते. मग जे आलं ते बोलत गेलो. म्हटलं, माझा बघू तसा नसतो. मला भीती वाटते म्हणून मी बघू म्हणतो. मला बांधकामातलं काही कळत नाही, मी बुटाचे तळ दाबायचो. तुमच्या भिंतीत काही खोट नाही. असली तरी मला दिसणार नाही. ही जागा आम्हाला पहिल्या दिवसापासून हवी आहे. हिला तर फारच. तुम्ही पहिली किंमत सोडली नसती तरी हिने कुठून तरी जमवलं असतं. आमचा फोटो जन्मभर कपाटावर टेकून आहे, कारण आम्हाला कुणी खिळा ठोकू दिला नाही. ही ह्या भोकांवरून बोट फिरवून हसत होती.

एवढं सगळं एका दमात. व्यवहारात जे जे सांगू नये असं त्या कोटवाल्याने ओरडून सांगितलं होतं, ते सगळं मी सांगून टाकलं.

मास्तर म्हणाले, "भोकं बघून हसत होत्या?"

"हो."

"मला वाटलं, किंमत पाडायला मोजताहेत."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणालो.

मास्तर भिंतीपाशी गेले. मग म्हणाले, "मी चित्र काढायचो आणि कोपऱ्यात ठेवून द्यायचो. खिळा ठोकायची माझी बायको. वाकडं लागलं की काढून शेजारी दुसरा खिळा. तिला सरळ कधी जमलंच नाही." माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या अंगठ्याचा मला फार राग आला होता."

मी माफी मागितली. पुन्हा विचारलं, मग जागेचं?

ते म्हणाले, "बघू."

जिना उतरलो. त्यांचा बघू कुठल्या जातीचा आहे, हे मला कसं कळावं? आधी माझ्या तोंडामुळे जागा गेली, आता हिने उतरवलेली किंमतही गेली. हिला हे सांगणार नाही. इथे लिहिलं, पुरे झालं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जागा आम्हाला मिळाली. त्याच उतरलेल्या किमतीत.

दलालाचा फोन आला तेव्हा ही बाजारात होती. मी दोनदा विचारून घेतलं. तो म्हणाला, मास्तरांनी त्या जोडप्याला परत पाठवलं, कारण सांगत नाहीत, म्हातारी माणसं लहरी असतात. मी म्हणालो, असतात.

पण मला खात्री आहे, हे हिचंच काम. सोमवारी दुपारी ही लेकीकडे जाते म्हणून बाहेर पडली होती. नक्की मास्तरांच्या बहिणीला गाठलं असणार. ही लोखंडालाही घडी घालेल. एवढी हुशार बाई माझ्याबरोबर कशी काय राहिली, हा विचार मी सहसा करत नाही. केला की भीती वाटते.

संध्याकाळी ही दलालाकडे इसार देऊन आली. चपला काढता काढता म्हणाली, "मंगळवारी कुठे गेला होतात?"

"पाय मोकळे करायला."

"झाले का मोकळे?"

"झाले."

ती आत गेली. माझ्या चहात आज साखर जास्त होती. डॉक्टरांनी साखर वर्ज्य सांगितली आहे हे ती विसरली असावी. ती असं कधी विसरत नाही. लक्ष ठेवायला हवं.

१० मार्च, सोमवार

खरेदीखताची नोंदणी झाली. सरकारी खोलीत पंखा होता, पण हवा नव्हती. आमची दोघांची नावं लागणार होती. जागा हिच्या पैशाची, हिने शोधलेली, तरी हिने माझं नाव घालायचा हट्ट धरला. माझी सही दर वेळी वेगळी येते, म्हणून दोन दिवस घरी सराव केला होता. ऐनवेळी तिसरीच आली. कारकुनाने वर पाहिलं. ही म्हणाली, ह्यांचीच आहे, मी ओळखते.

मास्तरांनी चावी दिली आणि पिशवीतून एक लहान हातोडी काढून तीही हिच्या हातात ठेवली. दांड्याला जुनं कापड गुंडाळलेलं होतं. म्हणाले, स्वयंपाकघरातल्या खणात राहिली होती, ही जागेबरोबरची. आणि मान फिरवून भराभर चालू लागले. मी हाक मारली, मास्तर, येत जा. ते न वळताच म्हणाले, बघू.

ही हसायला लागली. मला वाईट वाटलं. नंतर रस्ता ओलांडताना एकदम कळलं आणि मीही हसलो. गाडीवाल्याने शिवी दिली.

२३ मार्च, रविवार

रंगकाम झालं. रंगाऱ्याने भोकांचं काय करायचं विचारलं. मी हिच्याकडे पाहिलं. वाटलं, ही भरू देणार नाही. पण ही म्हणाली, भरा. नव्या माणसाला कोरी भिंत द्यावी.

भिंत अशी गुळगुळीत झाली आहे की माझा अंगठा नुसता घसरतो. बुटाच्या चामड्यालासुद्धा एवढी सफाई मी पाहिली नाही. मी खुर्ची घेऊन तिच्यासमोर बराच वेळ बसलो. एवढी सुंदर वस्तू आमच्या मालकीची कधी नव्हती. आता ती दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची. काय हा धंदा.

जागेसाठी चार जण येऊन गेले. हिने प्रत्येकाला आधीचं घर का सोडलं एवढंच विचारलं आणि ऐकत बसली. शेवटी एक बसचालक बाई पसंत केली. तिची आई सोबत राहणार. मी हिला म्हणालो, बसवालीचा पगार वेळेवर होतो का, तेवढं विचारून घे. ही म्हणाली, विचारलं. जुन्या मालकालाही भेटून आले. तो म्हणाला, ह्या बाई गेल्या ह्याचं मला दुःख आहे. असं दुःख ज्याला होतं, तोच भाडेकरू घ्यावा.

हे कुठल्या व्याख्यानात सांगत नाहीत.

३० मार्च, रविवार

आज बसवाली राहायला आली. तिच्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे, ती जिना चढून येईपर्यंत मी प्रत्येक पायरीला, सांभाळून, म्हणत होतो. शेवटच्या पायरीवर ती म्हणाली, बाबा, तुम्ही म्हणता म्हणून भीती वाटायला लागली.

सामान लागलं. थोडंच होतं. बसवालीच्या हातात एक गोल घड्याळ होतं. पहाटेची पाळी असते, उठल्याबरोबर समोर वेळ दिसली पाहिजे, म्हणाली. ती मोठ्या भिंतीपाशी गेली आणि हिला विचारलं, "एक खिळा ठोकला तर चालेल का? एकच."

ही म्हणाली, "मालकांना विचारा."

मी मागे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

पुन्हा पुढे पाहिलं तर तिघीजणी माझ्याकडे बघत होत्या. बसवालीने घड्याळ छातीशी धरलं होतं. तसा चेहरा मी ओळखतो. खालच्यांसमोर उभं राहताना माझा तसाच होत असणार.

मी भिंतीवर अंगठा ठेवला. आठवड्यापूर्वीचा रंग. एक ओरखडा नाही. हिच्या चादरींतून आलेली भिंत. खिळा वाकडा गेला तर? पुट्टीचा पोपडा उडाला तर? एक म्हणता म्हणता चाळणी झाली तर? ‘ब’ म्हणायला ओठ मिटले होते. हिने ते पाहिलं. तिकडे खिडकीकडे बघत राहिली, जणू तिला ह्यातलं काही ठाऊकच नाही.

मी म्हणालो, "ठोका."

माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला. मग म्हणालो, "लागतील तेवढे ठोका."

हिने पिशवी उघडून मास्तरांची हातोडी काढली आणि बसवालीच्या हातात दिली. आज ती पिशवीत का घेतली होती, कळत नाही. भाड्याचा करार न्यायचा होता, तो मात्र घरीच विसरली.

बसवालीने खिळा धरला. पहिला ठोका पडला आणि मी डोळे मिटून खालून येणाऱ्या काठीची वाट पाहत उभा राहिलो.

ती आली नाही. दुसरा ठोका. तिसरा. खाली बस येऊन थांबली, निघून गेली. डोळे उघडले तेव्हा घड्याळ भिंतीवर चालत होतं आणि ही पदराने डोळ्यांचे कोपरे टिपत होती. रंगाचा वास अजून आहे, तो झोंबला असेल.

घरी येताना ती माझ्याबरोबर चालली, नेहमीसारखी दोन पावलं पुढे नाही.

आता खिळ्याची काळजी लागली आहे. घड्याळ वजनदार आहे आणि खिळा मला बारीक वाटला. उद्या जाऊन एकदा दाबून आलो असतो. पण ही म्हणते, भाडेकरूच्या दारात मालकाने सारखं उभं राहायचं नसतं, खालच्यांचं आठवतं ना? आठवतं. समोर बसचा थांबा आहे, तिथल्या बाकावर तर कुणीही बसू शकतं. तिथून तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून घड्याळ दिसतं का, बघू.